कामगाराला इतिहास कशाला?



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठी विद्वान मंडळी बोलून गेली. गोदाकाठच्या या पटांगणात मागे पायरीवर बसून मी त्यांची भाषणे कितीतरी वर्षे ऐकत आलो. यंदा चालकांनी ऐकणाऱ्यालाच उठवून बोलायला उभे केले आहे. त्याचे बरेवाईट काय होते ते तासाभरात कळेलच.

माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंत झाले. पुढे दोन वर्षे आयटीआयमध्ये टर्नरचे काम शिकलो, १९९० साली सातपूरच्या वसाहतीत एका कारखान्यात लेथवर उभा राहिलो, आणि काही वर्षांनी युनियनच्या कामात पडलो तो आजतागायत. आता वयाची पंचावन्न वर्षे झाली. एवढीच माझी विद्या आणि एवढाच माझा अधिकार.

चालकांनी मला ‘सर्वांगीण शिक्षणाचे मोल’ असा भारदस्त विषय दिला होता. तो मला पेलणारा नाही. लेथवर मोठा जॉब चढत नसेल तर तो आधी कापून मापात आणावा लागतो. तसे या विषयाचे माझ्या मापाचे एक वाक्य मी करून घेतले आहे. कामगाराला इतिहास कशाला? हे वाक्य मी कुठे वाचलेले नाही. ते माझे स्वतःचे आहे. एका वडीलधाऱ्या माणसाला मी ते ऐन उमेदीत, जरा हिणवूनच, विचारले होते. त्याचे उत्तर मला आणि माझ्या सोबत्यांना फार महाग पडले. ते कसे, एवढेच आज सांगणार आहे.

आमच्या कारखान्यात भांडारावर एक वयस्क गृहस्थ होते. सारे त्यांना नाना म्हणत. जेवणाच्या सुट्टीत डबे धुऊन झाले की आम्ही तरुण मंडळी पत्ते काढीत असू आणि नाना पुस्तक काढीत. आपल्या गावचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालापासूनचे आहे. त्या वाचनालयाचे पुस्तक नानांच्या पिशवीत कायमचे असायचे. कधी शेतीवरचे, कधी एखादे चरित्र, कधी कामगार चळवळीचा इतिहास. आम्हाला त्याची गंमत वाटे. हा माणूस नटबोल्ट मोजून देतो, मग याला या पुस्तकांचा उपयोग तो काय?

१९९८ साल उजाडले आणि पगारवाढीचा करार आला. मी तेव्हा युनियनचा चिटणीस होतो, सत्तावीस वर्षांचा. तोवर आमच्या पगारात महागाई भत्ता होता तो निर्देशांकाला बांधलेला होता. म्हणजे बाजारभाव चढले की निर्देशांकाचे पॉइंट वाढत आणि दर पॉइंटमागे ठरलेले पैसे आमच्या पगारात आपोआप पडत. मालकपक्षाने सांगितले, या कटकटी कशाला ठेवता? आजच्या तारखेला जो भत्ता आहे तो कायम धरू, वर एवढी घसघशीत वाढ देऊ आणि सणाच्या आधी एकरकमी पैसे हातात ठेवू. करार इंग्रजीत होता. त्यात भत्त्यापुढे ‘कन्सॉलिडेटेड’ असा शब्द होता. माझ्या खिशातल्या कोशात मी तो पाहिला. अर्थ होता, ‘भक्कम केलेला’. मला आनंद झाला. भत्ता भक्कम झाला, याहून आणखी काय पाहिजे?

करार सभेपुढे जाण्याच्या आदल्या दिवशी नानांनी मला भांडाराच्या खिडकीशी थांबवले. म्हणाले, “अरे, भावाच्या शेपटीला भत्ता बांधलेला आहे. ती गाठ मारून घ्यायला आपल्या आधीच्या लोकांनी संप केलेत. तू ती आपल्या हाताने का सोडतोस?”

मी म्हणालो, “नाना, तुम्ही कुठल्या काळातल्या गोष्टी काढता! पोरांना आज हातात काय पडतं ते बघायचंय. कामगाराला इतिहास कशाला?”

नाना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सभेत सर्वांचे हात वर झाले, नानांचा झाला नाही. मी सही केली. गुलाल उडाला, पेढे वाटले.

त्याच वर्षी पाऊस सरता सरता कांदा भडकला. १९९८ च्या त्या भाववाढीने दिल्लीचे सरकार निवडणुकीत पडले, हे आपल्यातल्या पुष्कळांना आठवत असेल. आपण तर कांद्याच्या जिल्ह्यातले लोक. पण कारखान्यात राबणाऱ्याच्या घरी कांदा विकतच येतो. निर्देशांक चढला. शेजारच्या कारखान्यातल्या लोकांचा भत्ता त्याच्यामागे चढला. आमचा जागच्या जागी उभा होता, अगदी भक्कम!

पहिल्या वर्षी वरच्या वाढीने ते झाकून गेले. खरी झळ पुढे बसली, कारण एकदा गोठलेला आकडा पुन्हा वितळत नाही. २००१ साली नव्या कराराला बसलो तेव्हा बोलणी त्या गोठलेल्या आकड्यापासून सुरू झाली. गाठ पुन्हा मारून द्या म्हणालो, तर समोरच्यांनी माझीच सही मला दाखवली. साधा हिशेब मांडून पाहा. समजा पॉइंटमागे दोन रुपये मिळत होते आणि दहा वर्षांत निर्देशांक अडीचशे पॉइंट चढला. तर दरमहा पाचशे रुपये गेले, आणि ते दरमहाच जात राहिले. एका सोबत्याने त्या काळात थोरल्या मुलीला बारावीनंतर घरी बसवले आणि धाकट्या मुलाची फी भरली. तो मला एका शब्दाने बोलला नाही. पण त्या मुलीला शिवणाच्या यंत्रावर बसलेली पाहिली की माझी सही माझ्या डोळ्यांपुढे उभी राहते. मालकपक्षाने लपवले काहीच नव्हते. सारे कागदावर होते. आम्हाला तो कागद वाचता आला नाही.

नाना तोवर निवृत्त झाले होते. मी त्यांच्या घरी गेलो. रागे भरतील म्हणून मन घट्ट करून गेलो होतो. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, “उद्या संध्याकाळी वाचनालयात ये. माझ्या नावावर तुला पुस्तक काढून देतो.” माझ्या खऱ्या शिक्षणाचा तो पहिला दिवस. वय वर्षे तीस.

मला वाटले होते, निर्देशांकावरचे एखादे पुस्तक मिळेल, ते वाचले की काम संपले. पण झाले भलतेच. निर्देशांक म्हणजे कामगाराचे साधारण घर ज्या वस्तू विकत घेते त्यांची एक काल्पनिक टोपली. धान्य, तेल, भाजी, कापड, घरभाडे, औषधपाणी, मुलांची फी असे सारे त्यात येते आणि प्रत्येक वस्तूला तिच्या खर्चाच्या प्रमाणात भार दिलेला असतो. लेबर ब्युरोकडून तो दरमहा काढला जातो. हे समजून घ्यायला आधी शाळेत अर्धवट सोडलेली टक्केवारी आणि सरासरी पुन्हा गिरवावी लागली. म्हणजे गणित आले.

मग प्रश्न पडला, भाव एकाएकी चढतात का? तर उन्हाळी कांदा चाळीत साठवतात, तो पावसाळ्याच्या अखेरीस संपत येतो. आणि नवा खरीप कांदा बाजारात येण्याच्या तोंडाशी पावसाने नासला तर मधल्या महिन्यांत कांदाच उरत नाही. म्हणजे शेती आली, पाऊस आला, भूगोल आला.

मग वाटले, पगार असा भावाला बांधायची कल्पना तरी कोणाची? तेव्हा नानांचा तो इतिहास उघडावा लागला. दुसऱ्या महायुद्धात भाव भडकले आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९४० साली महागाई भत्त्यासाठी संप केला. त्या झगड्यातून मुंबईच्या गिरण्यांत भावाला बांधलेला भत्ता रुजला आणि पुढे इतर धंद्यांत पसरला. हे मी १९९८ साली वाचलेले असते, तर ती गाठ कशासाठी मारली होती हे मला कळले असते. आणि जिचे कारण ठाऊक आहे ती गाठ माणूस सहजासहजी सोडीत नाही. सरतेशेवटी इंग्रजीकडे वळलो, कारण ज्या एका शब्दाने मला बुडवले त्याचा कोशातला अर्थ आणि करारातला अर्थ निराळा होता. म्हणजे भाषा आली.

मंडळी, पगारपत्रकातली एक ओळ! ती नीट वाचण्यासाठी मला गणित, शेती, भूगोल, इतिहास आणि भाषा इतक्या दारांवर जावे लागले. वाचनालयात एकेका विषयाची कपाटे वेगळी असतात, ती पुस्तक सापडावे म्हणून. जगातल्या प्रश्नांना मात्र अशी कपाटे नसतात. पोटाचा प्रश्न तर एका कपाटात कधीच मावत नाही. म्हणून माझा पहिला मुद्दा असा, की सर्वांगीण शिक्षण ही पोट भरलेल्या माणसाची चैन आहे, हा समज उलटा आहे. ज्याचे पोट हातावर आहे त्यालाच त्याची गरज पहिली. श्रीमंताचे अज्ञान त्याचा वकील आणि त्याचा हिशेबनीस भरून काढतो. गरिबाचे अज्ञान त्याच्या ताटातून वजा होते.

हे काही मी नव्याने सांगत नाही. आपल्या महाराष्ट्रात ते फार पूर्वी सांगून झाले आहे. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटर आयोग आला, तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी त्याच्यापुढे निवेदन ठेवले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी सर्वांना ठाऊक असते. पण शिकवावे काय, याचीही यादी त्यांनी दिली होती, ती आपण विसरतो. मोडी आणि बाळबोध लिहिणे-वाचणे, हिशेब, सामान्य इतिहास, सामान्य भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीतीचे आणि आरोग्याचे काही पाठ, अशी ती यादी आहे. ती कोणासाठी केली होती, ते लक्षात घ्या. ज्यांच्या घरात अक्षर शिरले नव्हते त्या कुणब्या-माळ्यांच्या, महार-मांगांच्या मुलांसाठी. त्यांना सहीपुरते शिकवा, नांगरापुरते शिकवा, असे जोतीराव म्हणाले नाहीत. शेती शिकवाच, पण तिच्या शेजारी इतिहास आणि व्याकरणही ठेवा, असे म्हणाले. कामगाराला इतिहास कशाला, या माझ्या उर्मट प्रश्नाचे उत्तर माझ्या जन्माच्या कितीतरी आधी देऊन ठेवलेले होते. मी ते वाचले नव्हते, एवढेच.

जोतीरावांच्याच सत्यशोधक समाजातून नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. आमचे नाना भांडारावर होते. लोखंडेही काही काळ गिरणीत स्टोअरकीपर होते. त्यांनी ‘दीनबंधु’ पत्र चालवले आणि १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या. त्या वेळच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या-निशाण्या झाल्या. मागण्या काय होत्या? रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा असावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर जबर इजा झाली तर बरे होईपर्यंत पगार चालू राहावा. त्या काळी कामगारांविषयी कायदा होता तो १८८१ चा, आणि त्यात पाहिले होते मुख्यतः लहान मुलांच्या कामाकडे. मोठ्या माणसांचे हाल होतात हे कोणत्याही कामगाराला सांगता आले असते. त्या हालांचे पाच नेमके कलमांत रूपांतर करून सरकारपुढे मांडायला मात्र कायदा, वृत्तपत्र, समाज आणि सरकारी कारभार या सर्वांची जाण असलेला माणूस लागला. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण रविवारी उशिरा उठतो, तो त्या माणसाच्या वाचनाचा प्रसाद आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर सूर्यासारखे लख्ख आहे. ते १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे अर्थशास्त्र त्यांचा मुख्य विषय होता. पण त्याबरोबर त्यांनी इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र यांचेही वर्ग केले. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, आणि त्यांच्या कारकिर्दीत हाती घेतलेल्या सुधारणेमुळे १९४६ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. एकाच विषयाचा पंडित असता तर त्यांनी एक उत्तम ग्रंथ लिहिला असता. अनेक विषय एका माणसात एकत्र आले, म्हणून त्यांच्या हातून लाखो लोकांचा दिवस बदलला.

आता दुसरा मुद्दा. हा माझ्या स्वतःच्या धंद्यातला आहे.

मी लेथवर शिकलो तेव्हा टर्नरचा हात म्हणजे मोठी इज्जत होती. टूल किती दाबायचे, धातू कापताना आवाज कसा बदलतो, मायक्रोमीटरवर शतांश मिलिमीटर कसा राखायचा, हे सारे बोटांत असे. उस्तादाच्या शिव्या खाऊन ते यायचे. मग आमच्या डोळ्यांदेखत संगणकावर चालणारे लेथ आले. त्यांना सीएनसी म्हणतात. बोटांतले कसब यंत्राने गिळले. आता टूल कुठून कुठे जायचे हे एक्स आणि झेड या दोन अक्षांवर आकड्यांत लिहून द्यायचे. त्या वेळी एक गोष्ट मी पाहिली, ती विसरलो नाही. आमच्यातले जे नव्या यंत्रावर गेले ते सर्वांत कसबी होते असे नाही. ज्यांची शाळेतली भूमिती शाबूत होती, ज्यांना यंत्राबरोबर आलेली पुस्तिका कोश घेऊन का होईना वाचता येत होती, आणि ज्यांना न समजलेले विचारण्याची लाज वाटत नव्हती, ते गेले. माझ्याहून दसपट चांगला हात असलेले दोन कारागीर पुढे गेटवर रखवालीला बसले. त्यांना फक्त लेथ शिकवला होता. लेथ गेला, तेव्हा त्यांच्यापाशी काहीच उरले नाही.

धंदा शिकवू नका, असे मला बिलकूल म्हणायचे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ या मार्गाने मुलांच्या हातात कुदळ दिली. पण त्याच मुलांना त्यांनी कॉलेजपर्यंतही नेले. कुदळीने हात लाजू नये आणि पुस्तकाने डोके दिपू नये, अशी ती शाळा होती. वाईट आहे ते एवढेच, की एका मुलाच्या कपाळावर ‘हात’ लिहायचे, दुसऱ्याच्या कपाळावर ‘डोके’ लिहायचे आणि दोघांनाही अर्धाच माणूस करून सोडायचे.

इथे समोर वकील, डॉक्टर, प्राध्यापक, व्यापारी अशी प्रतिष्ठित मंडळी बसली आहेत. त्यांना वाटेल, हे सारे कामगारांच्या पोरांसाठी चालले आहे. तसे नाही. मी संध्याकाळी कॉलेज रोडने जातो तेव्हा क्लासच्या बाहेर उभी असलेली तुमची मुले पाहतो. आठवीपासून त्यांच्यापुढे एकच परीक्षा ठेवलेली असते. कॉलेजात नाव असते आणि मूल दिवसभर क्लासमध्ये असते. मराठी हा त्याच्या लेखी गुणांपुरता विषय, इतिहास हा ओझ्याचा विषय, चित्रकला सातवीतच सुटलेली. चार पर्यायांतून बरोबर पर्यायावर खूण करणे हे त्याचे सगळे शिक्षण. मला माफ करा, पण आमच्या आयटीआयच्या एका खोलीत आणि तुमच्या त्या वातानुकूलित वर्गात मला फरक दिसतो तो फक्त फीचा. खिडकी दोन्हीकडे एकच आहे. तुमचा मुलगा मोठा इंजिनिअर होईल आणि आमच्या कारखान्यात अधिकारी म्हणून येईल. समोरच्या माणसाच्या घराचा, त्याच्या भाषेचा, त्याच्या मागच्या पिढ्यांचा त्याला पत्ता नसेल, तर मग तो आणि मी कराराच्या टेबलाशी समोरासमोर बसून काय बोलणार? आकडे बोलू. आणि नुसते आकडे बोलू लागले की माणसे संपावर जातात, हा माझा अनुभव आहे.

आता आक्षेप घेऊ. पहिला आक्षेप माझ्या सोबत्यांचाच असतो. ते म्हणतात, “भाऊ, पदव्या घेतलेली पोरं कंत्राटावर बारा-बारा तास काढतात. मग शिकून उपयोग काय?” हे दुःख खरे आहे आणि मी ते रोज पाहतो. शिकला की नोकरी मिळते, असे वचन मी कोणाला देत नाही. ते खोटे ठरेल. पण कंत्राटावरचा जो मुलगा आपले नेमणूकपत्र वाचू शकतो, भविष्यनिर्वाह निधीचे पैसे भरले की नाही ते पाहू शकतो आणि चार जणांना जमवून अर्ज लिहू शकतो, त्याची स्थिती तशीच राहत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी एकोणतीस जुन्या कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत ‘वेतन’ या शब्दाची व्याख्या नवी आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाले तर वरची रक्कम वेतनातच धरायची, असे तीत आहे. याचा परिणाम निधीवर होतो, ग्रॅच्युइटीवर होतो, हातात पडणाऱ्या पगारावरही होऊ शकतो. या संहिता चांगल्या की वाईट, यावर मी दुसऱ्या व्यासपीठावर पुष्कळ बोलतो. इथे बोलत नाही. इथे एवढेच विचारतो, की त्या वाचल्या कोणी? बाजूने घोषणा देणाऱ्यांनी आणि विरुद्ध घोषणा देणाऱ्यांनी सारख्याच प्रमाणात वाचलेल्या नाहीत. १९९८ सालची माझी खिशातल्या कोशाची गोष्ट पुन्हा घडायला नको असेल, तर यावर विचार झाला पाहिजे.

दुसरा आक्षेप वेळेचा. आठ तास काम, वर ओव्हरटाइम, येणेजाणे, वाचायचे कधी? हाही खोटा नाही. पण आठ तास आणि रविवार मागणाऱ्यांनी ते नुसते झोपेसाठी मागितले नव्हते. मुंबईच्या गिरणगावात दिवसभर यंत्रापाशी उभे राहून रात्रशाळेत मॅट्रिक झालेली माणसे किती होती! नारायण सुर्वे गिरणीत राबले, शिपाई झाले, शिक्षक झाले. आणि १९६६ साली त्यांचा संग्रह आला, त्याचे नाव ‘माझे विद्यापीठ’. अण्णाभाऊ साठे शाळेत टिकले ते जेमतेम दीड दिवस, आणि १९५९ साली त्यांनी ‘फकिरा’ दिली. अशी प्रतिभा सर्वांना मिळत नाही हे मान्य आहे. वाचण्याची भूक मात्र सर्वांना लागू शकते, जर ती कोणी लावली तर. मला ती एका भांडारवाल्याने लावली.

म्हणून शेवटी तीन साध्या गोष्टी सुचवतो. सरकारकडे काही मागत नाही. या पटांगणात बसलेल्यांकडेच मागतो. पहिली, आमच्या युनियनच्या कचेरीत आम्ही रविवारी सकाळी एक तास बसतो. एक जण पगारपत्रक, करार किंवा कायद्याचे एखादे कलम वाचतो, आणि दुसरा त्याच्या धंद्याशी काडीचा संबंध नसलेल्या पुस्तकातली चार पाने वाचतो. गेल्या महिन्यात आम्ही ताऱ्यांवर वाचले. एका वेल्डरने विचारले, सूर्याचा उष्मा न मोजता मोजतात कसा? उत्तर आम्हाला कोणालाच आले नाही. प्राध्यापक मंडळींनी महिन्यातून एक रविवार अशा कचेऱ्यांना द्यावा. दुसरी, वाचनालयांनी दुसऱ्या पाळीच्या माणसांचा विचार करावा. तो रात्री बाराला घरी पोहोचतो. त्याला सकाळची वेळ मोकळी असते. त्या वेळी एक खोली उघडी ठेवा. तिसरी, आपल्या मुलांना धंदा कोणताही शिकवा, पण त्या धंद्याबाहेरचा एक विषय मोडू देऊ नका. गाणे असो, इतिहास असो, झाडेपाने असोत. धंदा सुटला तर तोच विषय त्याला उभे करील. आणि धंदा नाही सुटला तर संध्याकाळी घरी आलेल्या माणसाला तो माणसात ठेवील.

गेल्या जूनमध्ये आमचा एक सभासद मुलीला घेऊन कचेरीत आला. बारावी झालेली मुलगी. तो म्हणाला, “भाऊ, तुमचं ऐकेल ती. इतिहास घेऊन पदवी करते म्हणते. तिला सांगा, आपल्यासारख्यांना इतिहास कशाला?”

माझेच वाक्य अठ्ठावीस वर्षांनी माझ्या पुढ्यात येऊन बसले.

मी मुलीला विचारले, “का गं, इतिहासच का?” ती म्हणाली, “काका, बाबांचा कारखाना आहे तिथे आधी कोणाची शेतं होती, ती माणसं कुठे गेली, हे मी सगळ्यांना विचारलं. कोणालाच माहीत नाही. मला ते शोधून काढायचंय.”

वसाहतीत मी छत्तीस वर्षे वावरतो आहे, तिथल्या प्रत्येक गेटवर भाषण केले आहे. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

बापाची काळजी खोटी नव्हती, म्हणून मी दोघांनाही बोललो. तिला म्हणालो, इतिहास घे, पण सोबत हिशेब आणि टंकलेखन शीक, म्हणजे पोटासाठी कोणापुढे वाकावे लागणार नाही. त्याला म्हणालो, तिला अडवू नकोस. माझ्या सहीने एका मुलीचे शिक्षण थांबले होते, दुसरीचे माझ्या शब्दाने थांबायला नको. ती आता कॉलेजात जाते. तिला पुढे नोकरी लागेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण परवा ती जुने सातबारे पाहायला तलाठ्याच्या कचेरीत जाऊन आली, आणि बरोबर आपल्या बापाला घेऊन गेली. दोघांनी मिळून ते वाचले. पुढच्या एका रविवारी ती दोघे आमच्या कचेरीत त्यावर बोलणार आहेत. आपल्यापैकी कोणाला यावेसे वाटले तर दार उघडे आहे.